टापूवरच्या बेलाचं तीर्थ

परमेश्वर चराचरात भरलेला आहे, याबद्दल आमच्या सौसर तालुक्यात कधीच वाद नव्हता. गेल्या कार्तिकात एवढंच नव्यानं कळलं, की त्यातला बराचसा भाग कन्हान नदीतल्या टापूवर, वन विभागाच्या मोडक्या झोपाळ्याशेजारी, एका बेलाच्या झाडावर मुक्कामाला आहे आणि तिथून तो थेंबाथेंबानं खाली गळतो आहे.

टापूचं सरकारी नाव 'नदी द्वीप प्रकृति उद्यान'. बोरगावहून आत वळलं की नदी दोन धारांत फुटते आणि मधे जमिनीचा लांबट तुकडा उरतो, तो हा. नागपूर इथून फार लांब नाही, फक्त राज्याच्या सीमेपलीकडे आहे. नागपूरची माणसं सुटीच्या दिवशी लेकरंबाळं घेऊन येतील, पक्षी बघतील, हवा खातील आणि परत जाताना सुधारलेली असतील, अशी योजना होती. त्यासाठी लोखंडी साकव बांधला, पक्षी बघायला लाकडी मचाण उभारलं, आणि पक्षी न दिसल्यास निराशा नको म्हणून सिमेंटचा एक मोर बसवला. नागपूरची माणसं एकदा आली, मोरासोबत फोटो काढून गेली. त्यानंतर टापूवर खरोखरच निसर्ग उरला. उद्यानाचा एक नियम मात्र काटेकोर पाळला जाई. आत कसलीही फवारणी करायची नाही. जीवजंतूंना अभय.

अशा ठिकाणी बेल रडू लागला. कोणी म्हणे रडतो, कोणी म्हणे घाम येतो, कोणी म्हणे दूध उतरतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा साकवावर इतकी गर्दी होती, की पुढच्या माणसाच्या टाचेकडे बघत चालावं लागत होतं. पलीकडे झाडाखाली माणसं उभी होती. सगळ्यांच्या माना मागे, तोंडं उघडी, जिभा बाहेर. तालुक्यातली प्रतिष्ठित मंडळी, माजी सरपंच, एक निवृत्त तहसीलदार, सगळे घरट्यातल्या पिलांसारखे आ करून उभे. वरून अगदी बारीक तुषार पडत होता. अंगावर पडला की चिकटत होता. जिभेवर पडला की गोड लागत होता.

"गोड हाय," असं प्रत्येक जण शेजाऱ्याला सांगे, जणू पहिला शोध त्याचाच.

झाडाची पानं काळी पडत चालली होती. त्याचाही खुलासा तयार होता. भक्तांचे आजार झाड स्वतःवर ओढून घेतं, म्हणून ते काळं पडतं. हा खुलासा मचाणावर बसलेले बिंदुनाथ महाराज दर थोड्या वेळानं करीत.

बिंदुनाथ महाराज काही वर्षांमागे कुलदीप होते. सौसरच्या एका कृषी केंद्राच्या काउंटरवर उभे राहून ते संत्रावाल्यांना फवारणीची औषधं देत. मग एकाएकी दिसेनासे झाले आणि दाढीसकट परत आले. हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी लपवलं नव्हतं. उलट लोक अभिमानानं सांगत, की बघा, कुठं विष विकणारा माणूस आणि कुठं आज अमृत वाटून राहिला.

एखादा परप्रांतीय बाबा असता तर त्यानं चक्रं, ऊर्जा, कंपनं असं काहीतरी सांगितलं असतं आणि आमची माणसं जांभया देत घरी गेली असती. महाराज इथलेच. त्यांनी संत्र्याची भाषा वापरली.

"तुम्ही संत्रावाले ना?" ते मचाणावरून विचारत. "मंग आंबिया बहार कसा घेता, सांगा. पाणी तोडता. झाडाले ताण देता. पानं पिवळे पडते, गळते, शेजारचा म्हणते मेलं झाड. मरते का? नाही मरत. पह्यलं पाणी देल्लं का पांढरंशुभ्र फूल. देह काय वेगळा हाय? दवाई म्हणजे खत. ताणात खत देते का कोणी? म्हणून दवाई बंद. पाणी बंद. दिवसभर बेलाचं तीर्थ जिभेवर घ्या, सांजच्याले एक पेला पाणी. देहाले ताण द्या. मंग पाहा निरोगाचा बहार."

बाहेरच्या माणसाला यातलं काही पटणार नाही. पण ज्याचं घरदार संत्र्यावर चालतं, त्यानं दर हिवाळ्यात हे डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पाणी तोडलेली बाग मरणाला टेकल्यासारखी दिसते आणि एका पाण्यावर फुलांनी भरून जाते. आमच्याकडे यापेक्षा मोठा चमत्कार कुणाला माहीत नाही, आणि तो खराही आहे. महाराजांनी खऱ्याच्या पोटात खोटं भरलं होतं. माणसं माना डोलावत होती. बहुतेकांच्या बागेत त्याच आठवड्यात पाणी तोडायचं काम चालू होतं.

ताणात बसलेल्यांना रविवारी टापूवर बोलावत. महाराज स्वतःच्या हातानं पहिलं पोटभर पाणी पाजत. त्याला 'ताण तोडणं' म्हणत. बागेतही हाच शब्द आहे.

आमच्या शाळेत वैशाली मॅडम जीवशास्त्र शिकवायच्या. मी इतिहास शिकवतो. त्यांच्या नववीच्या वर्गात प्रणाली नावाची मुलगी होती. बोरगावच्या अलीकडे तिच्या वडिलांची, गजेंद्रची, संत्र्याची बाग आहे. प्रणालीला सिकलसेल होता. आमच्या भागात हा आजार नवा नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांत अडकतात. अडकल्या की हाडं दुखतात, श्वास दुखतो. रोज एक गोळी, भरपूर पाणी आणि थंडीपासून बचाव, एवढ्यावर प्रणाली इतर मुलींसारखी शाळेत येत होती. फक्त तिची पाण्याची बाटली सगळ्यांपेक्षा मोठी असायची आणि त्यावरून वर्ग तिला चिडवायचा.

त्या आठवड्यात बाटली दिसली नाही. ओठ फुटलेले, डोळे पिवळट. मॅडमनं स्वतःची बाटली पुढे केली.

"नाही मॅडम, मी सध्या झाड हाय," प्रणाली म्हणाली. "बहार धरला का पाणी पेईन."

वर्ग हसला. तीही हसली. मॅडम हसल्या नाहीत. मधल्या सुटीत त्या स्टाफरूममध्ये आल्या आणि मला म्हणाल्या, सर, गाडी काढा.

गजेंद्र बागेतच सापडला. ठिबकच्या नळ्या गुंडाळत होता. ताणाचे दिवस. मॅडमना पाहून त्यानं घाईनं हात पुसले, झाडाखाली पोतं अंथरलं, चहाचं विचारलं. मॅडम बसल्या नाहीत. त्यांनी सिकलसेलवर भाषणही केलं नाही. ते त्यानं नागपूरच्या डॉक्टरांकडून वर्षानुवर्षं ऐकलं होतं.

"गजेंद्रभाऊ, नव्या कलमाले ताण देता का?"

"लहान्या झाडाले कोण ताण देते मॅडम? वाळून जाईन ना ते."

"आन् डिंक्या लागलेल्या झाडाले?"

"त्याले पह्यले दुरुस्त करा लागते. बिमार झाडाले ताण देल्ला का गेलं समजा."

"पोरगी तं दोन्ही हाय भाऊ. लहानही हाय आन् बिमारही."

गजेंद्रच्या हातातली नळी तशीच राहिली. शहाणा माणूस. बाग उत्तम ठेवलेली. त्याच्या आयुष्यात त्यानं एकाही कलमाला ताण दिला नव्हता. आपल्या झाडांकडे बघत तो म्हणाला, "हे माह्या ध्यानातच आलं नाही."

घरी प्रणालीची आई उर्वशी होती. ही बाई अडाणी नाही, हे सांगायला हवं, कारण अशा गोष्टींत आई अडाणी असली की वाचणाऱ्याला बरं वाटतं. उर्वशी बी.ए. झालेली आहे. मुलीच्या सगळ्या तपासण्या, गोळ्यांची नावं, नागपूरच्या दवाखान्यातल्या खिडक्या तिलाच तोंडपाठ. तिनं आम्हाला खुर्च्या दिल्या, सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे उत्तर दिलं.

"मॅडम, डॉक्टर लोकं कधीच नाही म्हणत का बरी होईन. म्हणते, सांभाळा. पोट्टी पाळण्यात होती तवापासून सांभाळून राहिली मी. आन् दर खेपेले सांगते का हे मायबापाच्या रक्तातून येते. म्हणजे मीच देल्लं ना तिले? महाराज पह्यला माणूस हाय जो म्हणे, बाई, तुह्या रक्तात काही खोट नाही. पोरगी बरी होईन."

  विज्ञान बाईला म्हणत नाही की तुझ्या रक्तात काही खोट नाही. ते म्हणतं, आहे, आणि तो तुझा दोष नाही. या दोन वाक्यांत पहिलं ऐकायला सोपं आहे.

गजेंद्र दाराशी उभा होता. म्हणाला, मॅडम बरोबर बोलून राहिल्या, पाणी देऊन टाकू.

"मंग तुम्ही घ्या जबाबदारी," उर्वशी त्याला म्हणाली. "रविवारी ताण तुटते. आता मोडला आन् पुढच्या थंडीत तिले दुखलं, तं मी तुमच्याच तोंडाकडं पाहीन."

गजेंद्र दारातून मागे सरला. जबाबदारी घ्यायची म्हटली की आपण सगळेच रविवारची वाट पाहतो. परतताना मॅडमनं बागेतल्या एका झाडाची काळी पडलेली फांदी मागून घेतली. गाडीत त्या ती मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

रविवारी आम्ही टापूवर गेलो. बेलाखाली सतरंजी अंथरली होती आणि तिच्यावर ताणातली माणसं ओळीनं बसली होती. साखरेचा आजार असलेले, दम्याचे, एक गुडघ्यांचे. शेवटी शालीत गुंडाळलेली प्रणाली, तिच्याशेजारी उर्वशी. गजेंद्र जरा मागे उभा. बाकी टापूभर माणसं, आ केलेली.

मॅडम सरळ मचाणापाशी गेल्या आणि बेलाचं एक पान घेण्याची परवानगी मागितली. महाराज उदार झाले. म्हणाले, घ्या, ज्ञानाले कोणाची मनाई हाय.

मॅडमनं पान उलटं केलं. खालच्या बाजूला मोहरीहूनही बारीक, काळेकुळकुळीत ठिपके दाटीनं चिकटलेले. मग पिशवीतून गजेंद्रच्या बागेतली फांदी काढली आणि संत्र्याचं पान उलटं केलं. तेच ठिपके. शाळेतलं भिंग त्यांनी पहिल्यांदा यशवंतरावांच्या हाती दिलं. यशवंतराव म्हणजे आमच्या भागातले सगळ्यात जुने संत्रावाले. त्यांचा शब्द बाजारात चालतो. त्यांनी एक पान बघितलं, दुसरं बघितलं, पुन्हा पहिलं बघितलं.

"हे तं कोळशी होय," ते म्हणाले.

कोळशी संत्र्याच्या पट्ट्यात लहान पोरालाही माहीत असते. काळी माशी पानाच्या खालून अंडी घालते. तिची पिल्लं पानाला तोंड खुपसून रस पितात. जेवढा रस पितात तेवढा त्यांना पचत नाही, म्हणून उरलेला मागच्या बाजूनं सोडतात. तो गोड आणि चिकट असतो. त्यावर काजळीसारखी बुरशी चढते आणि झाड काळं पडतं. आमचा प्रत्येक माणूस वर्षातून दोन-तीनदा याच माशीवर फवारा मारतो आणि तिला शिव्या घालतो. मग बेलाखाली ती ओळखू कशी आली नाही? संत्र्याचं झाड बुटकं असतं. कोळशीचा तुषार खालच्या पानांवर पडतो. संत्र्याच्या झाडाखाली वर तोंड करून, जीभ काढून आजवर कुणी उभा राहिला नव्हता. बेल उंच. तो तुषार माणसांवर पडला. आणि बेल काही संत्र्याला परका नाही, मॅडम सांगत होत्या, दोघं एकाच कुळातले. नदीच्या दोन्ही काठांना बागांत फवारणी झाली, माशीला जीव वाचवायला जागा हवी होती, आणि मधे टापूवर सरकारनं जीवजंतूंना अभय दिलं होतं. उद्यानाचा उद्देश शंभर टक्के सफल झाला होता.

भिंग हातोहात फिरत होतं. निवृत्त तहसीलदारांनी ते डोळ्याला लावलं, खाली केलं आणि रुमालानं जीभ पुसली. गर्दीत बऱ्याच जिभा आत गेल्या. मॅडम बौद्ध, म्हणून एक बाई त्यांना म्हणाली, तुमच्यात तं देवच नाही, तुम्हाले काय समजते त्याचं.

"देव नाही बाई, पण माह्या बापाच्या वावरात संत्रं होतं," वैशाली मॅडम म्हणाल्या. "कोळशी मलेही समजते आन् तुम्हालेही. पाहा ना, भिंग घ्या."

बाईनं भिंग घेतलं नाही. पण कुजबुज वाढली. मला वाटलं, झालं. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला असं वाटायला नको होतं.

महाराज मचाणावरून उठले. आवाज अजिबात चढवला नाही.

"माशी कोणाची?" त्यांनी विचारलं.

कुणीतरी म्हणालं, देवाची.

"मंग? गाईच्या पोटातून आलेलं आपण तीर्थ मानतो का नाही? माशीनं काय घोडं मारलं? बेलाचा रस माशीच्या पोटातून गाळून येते. मॅडमनं तं आपलं काम सोपं केलं. आतापर्यंत आपल्याले हेच माहीत नव्हतं का देव कोण्या रूपात हाय."

लोकांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. किड्याची विष्ठा खाल्ली हे मान्य करण्यापेक्षा किड्याला देवपण देणं परवडणारं होतं. आतल्या जिभा हळूहळू बाहेर येऊ लागल्या.

तेवढ्यात यशवंतराव पुढे झाले. म्हाताऱ्याच्या मनात काही कपट नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"ते सगळं ठीक हाय महाराज," ते म्हणाले. "पण माह्या बागेत यंदा कोळशी लय हाय. तिचं काय करू?"

"पानाच्या खालच्या अंगानं मारा," महाराज म्हणाले. "वरून मारून फायदा नाही. आभाळ असलं तं थांबा. पंधरा दिवसानं दुसरा फवारा, आन् शेजाऱ्यालेही मारा म्हणा, नाही तं त्याच्या बागेतली माशी पुन्हा तुमच्याकडं येते."

वर्षानुवर्षं काउंटरवर दिलेलं उत्तर होतं. तोंडातून आपोआप बाहेर पडलं. आवाजही तोच, कुलदीपचा, जरा घाईचा, मागे अजून गिऱ्हाईक उभं असल्यासारखा. बोलून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.  

"म्हणजे कुलदीपभाऊ," मॅडम म्हणाल्या, "तुम्हाले पह्यल्या दिवसापासून माहीत होतं, वरून काय पडून राहिलं ते."

महाराजांनी झाडाकडे बघितलं. दुकानात औषध संपलेलं असताना माणूस रिकाम्या फळीकडे बघतो, तसं.

"मले सगळंच माहीत असते," ते म्हणाले.

 मग मागून कुणीतरी जयजयकार सुरू केला आणि तो साकवापर्यंत पोचला. महाराज अंतर्ज्ञानी होते. त्यांना माशीचंही कळत होतं. यशवंतरावांनी हात जोडले आणि फवाऱ्याचं प्रमाण विचारायचं राहिलं म्हणून तिथेच घुटमळत उभे राहिले.

एकच माणूस ओरडला नाही. गजेंद्र गर्दी बाजूला सारत सतरंजीपाशी गेला. प्रणाली छातीवर हात दाबून पुढे वाकली होती. श्वास तुटक येत होता. शेजारची दम्याची बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत उर्वशीला धीर देत होती, की घाबरू नको, बहार फुटून राहिला. मॅडमनं पर्समधली पाण्याची बाटली गजेंद्रच्या हातात दिली. उर्वशीनं त्याचं मनगट धरलं. ताण महाराजाच्या हातून तुटला पाहिजे, एवढंच ती म्हणत होती. मग तिनं मुलीचे ओठ बघितले आणि तिची बोटं सुटली.

प्रणालीनं बाटली दोन्ही हातांनी धरली. अर्धी संपवली.

"अजून," ती म्हणाली.

गजेंद्रनं तिला उचललं. साकवावर समोरून माणसं येत होती. ती बाजूला होईनात, कारण प्रत्येकाला वाटत होतं की हा मुलीला घेऊन रांग मोडतो आहे. उलट्या दिशेनं रांग कशी मोडता येते, हे मी त्यांना विचारत होतो. सौसरच्या दवाखान्यात सलाईन लावलं आणि अॅम्ब्युलन्स नागपूरकडे निघाली. नागपूरच्या तरुण डॉक्टरणीनं विचारलं, हिला पाणी कधीपासून कमी केलं, गोळी कधीपासून बंद. उर्वशीनं सगळं बरोबर सांगितलं. तिला नेहमीच सगळं तोंडपाठ असायचं. डॉक्टरणीनं लिहिणं थांबवून तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा लिहू लागली. पाणी कमी पडलं की रक्त दाट होतं, वाकड्या पेशी एकमेकींत अडकतात. प्रणालीच्या फुप्फुसांत अडकल्या होत्या. मंगळवारी ती गेली.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना अपेक्षित आहे. महाराजांनी टापूवर शोक केला. ताण पूर्ण व्हायच्या आत अवकाळी पाणी पडलं, असं ते म्हणाले. बहाराच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला की सगळी बाग वाया जाते, हे संत्रावाल्यांना पटवून द्यावं लागत नाही. अवकाळी पाणी कुणी पाजलं, हेही सांगावं लागलं नाही. वैशाली मॅडमच्या विरुद्ध अर्ज झाले. शाळेत चौकशी झाली, तिच्यात मी साक्ष दिली, ती ऐकून घेतली गेली आणि मॅडमची बदली झाली. मोहगावात राहणारी त्यांची आई एवढंच म्हणाली, की पाण्यावरून आपल्या समाजावर खटला काही नवा नाही.

थंडी वाढली तशी माशीची पिल्लं कोषात गेली आणि तुषार थांबला. महाराज म्हणाले, बेलच ताणात बसला. लोकांनी मान्य केलं. आता माघार घेणं कुणालाच शक्य नव्हतं. ज्यानं गोळी सोडली होती तो म्हणे मला फरक आहे. ज्याला फरक नव्हता तो म्हणे माझी श्रद्धा कमी पडली. झाड मात्र एकाही माणसाला काही म्हणालं नव्हतं.

अशा कथेच्या शेवटी वाचकांना विनंती करायची असते, म्हणून करतो. जिभेवर काही घेण्याआधी पान उलटं करून बघा. बघायला भिंग लागतं, ते प्रत्येक शाळेत असतं. भिंग नसलं तरी डोळे असतात. तुम्हाला एखादी गोष्ट तुमच्याच धंद्याच्या शब्दांत समजावून सांगितली, की जरा जास्त सावध व्हा, आणि त्या धंद्यातलं जे तुम्हाला पक्कं माहीत आहे तेच त्या माणसाला विचारा. आणि चालू गोळी कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. ही विनंती मी त्या रविवारी टापूवर उभं राहूनही केली होती. तेव्हा ऐकणाऱ्यांत फक्त गजेंद्र होता आणि त्याला उशीर झाला होता.

माघात गजेंद्र धाकट्या मुलाला, मयूरला, घेऊन शाळेत आला. मॅडमचा नवा पत्ता मागत होता. मयूरला कधी काही दुखलं नाही, म्हणून त्याचं रक्त तपासायचं राहून गेलं होतं. ते आता तपासलं. त्यालाही तोच आजार निघाला. तो रोज गोळी घेतो. उर्वशी स्वतः देते आणि पेला रिकामा होईपर्यंत समोर उभी राहते. कुणाशी फार बोलत नाही. त्यांच्या घरातून टापूवर आता कुणी जात नाही. बाकी गाव जातं.

बेलाच्या बुंध्यापासून हात लांब केला तर पोचेल इतक्या अंतरावर वन विभागानं पर्यटकांसाठी पिण्याच्या पाण्याचा नळ बसवलेला आहे. ताणात बसणाऱ्यांची सतरंजी त्याच्यासमोरच अंथरतात. नळ चालू आहे.